पावतीवर किती, गाडीत किती

डंपर चौकातल्या गतिरोधकावर मंदावला की म्हातारे बाबा काठी उचलायचे. काठीला चाकूने खाचा पाडलेल्या होत्या. ती डंपरच्या फाळक्याला लावून खडीची उंची बघायची आणि मान वर करून ड्रायव्हरला विचारायचं, "पावतीवर किती, गाडीत किती?"

"बाबा, तुमाला सरकारनं नेमलंय व्हय?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचा.

"सरकारला सवड न्हाई, म्हनून आमी हाय."

मोशीतल्या त्या चौकात मी रोज सकाळी चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट बघत उभा असायचो. कंपनीत मी कॉस्टिंग बघतो. पहिले काही दिवस मला ते वेडे वाटले. तुम्हालाही वाटले असते.

एकदा बसला उशीर झाला, तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं. खडी ब्रासवर मोजतात, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पावतीवर जितके ब्रास, तितकी रॉयल्टी सरकारात जमा होते. त्यातलं थोडं खाणीजवळच्या गावाला पाण्यासाठी, रस्त्यासाठी परत यायचं.

"पावती तीन ब्रासची. गाडीत साडेचार. मग खड्डा किती ब्रासचा पडला, सायेब?"

"साडेचार."

"म्हंजी गावाला पानी तिनाचं, आन् खड्डा साडेचाराचा. माझी हीर त्या दीडात गेली."

खाणीचा तळ त्यांच्या विहिरीच्या तळाखाली गेला होता. खाणीत साठलेलं पाणी पंपाने बाहेर फेकायचे आणि विहीर कोरडी पडायची. त्यांच्या हिशेबात मला चूक सापडली नाही. चुका शोधणं हे माझं कामच आहे, म्हणून हे सांगतो.

गावात त्यांच्याशी कुणी बोलत नसे. प्रत्येक घरातला कुणीतरी डंपरवर होता, नाहीतर क्रशरवर. पत्नी पूर्वीच गेली होती. घरात मुलगा, सून आणि एक नात, पण संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर टेकायला माणूस येत नसे. दिवसभरातलं त्यांचं बोलणं म्हणजे ड्रायव्हरांच्या शिव्या आणि मी.

त्यांना आकडे लिहिता येत, अक्षरं नाही. वहीत गाडीच्या नंबरातले शेवटचे आकडे, पुढे पावतीचे ब्रास, त्यापुढे काठीचे. रविवारी ते वही घेऊन आमच्याकडे येऊ लागले आणि मी बेरजा करू लागलो. तहसील कार्यालयात अर्ज द्यायचा होता. माझ्या बायकोने एकदा चहा जरा कमी ओतला, तर म्हणाले, "ताई, पावतीवर कप, आन् कपात अर्धाच?" त्यानंतर ती त्यांचा कप बशीत सांडेपर्यंत भरायची.

अर्ज तयार होत आला तेव्हा मला एक गोष्ट खटकली. रोज सकाळी सात चाळीसला निळ्या केबिनचा एक डंपर जायचा, मी बसची वाट बघताना तो पाहत असे. वहीत तो कुठेच नव्हता. तो आला की बाबा पाठ फिरवून तंबाखू मळायचे, हेही मग आठवलं.

"बाबा, एक गाडी राहिली."

"ऱ्हायली आसंल."

"रोज कशी राहील? एक गाडी लपवली असं निघालं तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील?"

त्यांनी वही मिटली, परत उघडली. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पोराची हाय. तुमीच लिवा." नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला. मी लिहिला. हिशेब पुरा झाला याचं मला त्या दिवशी समाधानही वाटलं.

तपासणी झाली. डंपर जप्त झाले, त्यात निळ्या केबिनचाही होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर बसलो असताना मुलगा आला.

"आप्पा, माझी गाडी वहीत कुनी लिवली?"

मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "मीच लिवली."

मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्याच आठवड्यात मुलगा बायको-मुलीला घेऊन पुनावळ्याला भाड्याने राहायला गेला.

मोजणी होईपर्यंत खाण बंद ठेवली. पंप थांबले आणि खाणीत हिरवट पाणी चढू लागलं. एका दुपारी ते काठावर एकटेच बसलेले दिसले.

"आमच्या हिरीचं हाय त्ये," पाण्याकडे बोट करून म्हणाले. "वळखतो मी."

"आता विहीरही भरेल."

"भरली की. चार हात पानी आलंय." मग म्हणाले, "एका मानसाला तांब्याभर लागतं, सायेब."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दूध घालायला आलेल्या माणसाला सकाळी कळलं. घराला आता कुलूप आहे.

महिन्याभराने मी पुनावळ्याला मुलाकडे गेलो आणि वहीत गाडी मी लिहिली होती, एवढं सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, "नंबर त्यांनीच सांगितला ना, काका?"

"हो."

"कुठं बघून?"

"नाही. पाठ होता."

तो गॅलरीतून खाली बघत राहिला. "गाडी घेतली तवा नंबर त्यांनीच पसंत केलेला. बेरीज नऊ येती म्हनून."

जिना उतरताना मी आकडे मनात जुळवले. नऊच येत होते.