लाखेच्या आधीची गोष्ट

"मामा, खरं सांगा, हा पेनड्राइव्ह कुणी लावून बघितला?"

"कोण कशाला लावतंय? पाकीट तर माझ्याच कपाटात होतं."

"म्हणूनच तुम्हाला विचारतेय."

हवालदारमामा खिडकीबाहेर बघायला लागले. प्रयोगशाळेतली ताई खुर्चीतून उठली, पुन्हा बसली. तिला एका जागी बसवायचं म्हणजे पारा चिमटीत धरायचा. घरी गॅस बंद केलाय का, हे उठून उठून बघते. सासू म्हणते, त्या बटणालाच आता तुझा कंटाळा आलाय.

पेनड्राइव्हमध्ये कारखान्यातला व्हिडिओ होता. मालकानं यंत्राचं झाकण काढायला लावलं आणि कामगार आत ओढला गेला. मालक म्हणतो, झाकण त्यानंच काढलं. मेलेल्याच्या बायकोकडे पुरावा एवढाच. जप्तीच्या वेळी ताईनंच त्याचा हॅश काढला होता. म्हणजे आतल्या सगळ्या मजकुराचा मिळून एक लांबलचक आकडा. आत टिंब हललं तरी तो पार बदलतो. आज तो बदलला होता. आत एक लपलेलं फोल्डर निघालं, जप्तीनंतरचं. नुसता जोडला तरी संगणक असं पाऊल उमटवून जातो. म्हणून ताई पेनड्राइव्ह आणि संगणकाच्या मध्ये एक डबी लावते, ती वाचू देते, लिहू देत नाही.

शेवटी मामा बोलले. पाकिटाला लाखेचं सील लावायच्या आधी चौकीतल्या संगणकावर बघितला होता. रिकामा निघाला तर त्या बाईला काय तोंड दाखवायचं, एवढंच मनात होतं. मग हळूच म्हणाले, नवा आकडाच जुना म्हणून लिही की, पोरी.

"लिहिते. उद्या मालकाचा वकील ते फोल्डर दाखवील आणि ती बाई मोकळ्या हातानं घरी जाईल. तिला सांगायला तुम्ही जा."

 ताईचा पाय टेबलाखाली थांबेना. जप्तीच्या दिवशी सगळे चहाला गेले, तेव्हा हात रिकामे ठेववेनात म्हणून तिनं नुसत्या व्हिडिओचाही हॅश वेगळा काढून पंचनाम्यात घातला होता. आता पाकिटाचाही काढ, म्हणून चौकीतले साहेब हसले होते. तोच तिनं आता संगणकाला पुन्हा काढायला लावला. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. ती दारापर्यंत गेली, आली, पुन्हा गेली.

अंक न् अंक जुळला. व्हिडिओत टिंबही हललं नव्हतं.

"सुटलो म्हणायचं," मामा म्हणाले.

"व्हिडिओ सुटला. तुमचं राहिलंय." तिनं कोरा कागद पुढे सरकवला. "कधी लावला, कशाला लावला, सगळं लिहा."

चौकशी लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. मामांनी चष्मा शोधला, पेनला एक शिवी हासडली आणि लिहायला बसले. ताईनं वाचून तारीख ताडून बघितली, परत बघितली. मग पुढचं पाकीट ओढून त्याची लाख दिव्याखाली धरली.