नागपंचमीचा कोबी

आत्याबाई गेल्या, हा निरोप मला शाळेत मधल्या सुट्टीत मिळाला. नवऱ्याचा फोन होता. तो एवढंच म्हणाला, "आई गेली, ये." आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. भोकरदनला त्यांच्या हाताखाली मी अठरा वर्षं संसार केला. रिक्षात बसले तेव्हा डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला आठवला तो कोबी... आता दीड महिना झाला, तरी आठवतो तोच.

आमच्याकडे नागपंचमीला काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. त्या दिवशी फक्त उकडलेलं खायचं. म्हणून दिंडं करतात. कणकेच्या पारीत पुरण ठेवून चारी कोपरे आत दुमडायचे आणि पातेल्यावरच्या चाळणीत उकडायचं. आत्याबाईंना साखरेचा आजार जडला आणि पुरण बंद झालं. त्यांनी तोडगा काढला, तिखट दिंडांचा. आदल्या संध्याकाळी कोबी बारीक चिरायचा, मीठ चोळून फडक्यात बांधायचा आणि गाठोडं खुंटीला टांगायचं. रात्रभर पाणी निथळलं की सकाळी कोरड्या कोबीत मिरचीचा ठेचा, दाण्याचं कूट आणि ओवा घालायचा. चिरून झालं की आदल्या संध्याकाळीच त्या विळी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, गाठ मारून फळीवर ठेवत, ती पंचमी उलटेपर्यंत उतरत नसे. नागोबा बायकांचा भाऊ. आदल्या दिवशी भावासाठी उपास, आणि पंचमीला ज्या बहिणीने विळी धरली तिच्या भावाचा घात होतो, असं त्या मानत. मी विज्ञान शिकवते. मला हसू यायचं, पण तोंडावर कधी आणलं नाही. तेवढी अक्कल होती.

नऊ वर्षांपूर्वी नेमकं उपासाच्या दिवशी त्यांच्या एकुलत्या भावाच्या, आमच्या मामांच्या, छातीत दुखायला लागलं. नवरा त्यांना घेऊन संभाजीनगरला गेला. डॉक्टरांनी सांगितलं, सकाळी दहाला ऑपरेशन. त्या धावपळीत आत्याबाईंनी विळी सवयीने गुंडाळून ठेवली, आणि माझ्यावर सोपवलेला कोबी पिशवीत तसाच राहिला. हे मला कळलं ते पंचमीच्या सकाळी, कणीक भिजवल्यावर.

आत्याबाई पुढच्या खोलीत फोनसमोर बसल्या होत्या. कालपासून पोटात काही नाही, हात थरथरत होते. मी दूध नेलं, तर उपास दिंडानंच सुटतो म्हणाल्या. कोबी राहिला हे सांगावं, तर भावाच्या जिवाशी गाठ असलेल्या दिवशी कोणत्या तोंडाने सांगायचं? दुसरं दिंड म्हणजे पुरणाचं, ते त्यांना विष. शेवटी मी फळीवरची विळी काढली. गाठ कशी होती ते नीट बघून घेतलं, न्हाणीत गेले, आतून कडी लावली आणि नळ सोडून कोबी चिरला. विज्ञान शिकवणारी मी, पण बोटं गार पडली होती. पात्याखाली पान आलं की मामांचा चेहरा दिसायचा. विळी पुसून तशीच गाठ मारली, फळीवर ठेवली. मीठ लावून कोबी दोन्ही हातांनी पिळला, पण रात्रभराचं काम पाच मिनिटांत कुठून होणार...

दिंडांना खालून पाणी सुटलं. दोन तर चाळणीतच फुटली. धड होती ती पाच नैवेद्य दाखवून आत्याबाईंना वाढली. त्यांनी पहिला घास घेतला, थांबल्या. माझ्याकडे न बघता विचारलं, "कोबी रातीच चिरल्ता ना?"

मी हो म्हणाले.

त्यांनी पाचही दिंडं खाल्ली. फुटलेलीसुद्धा मागून घेतली आणि ताटातलं पाणी बोटाने पुसून घेतलं. मग आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. अकरा वाजले, बारा वाजले. एकदा फोन वाजला, तो चुकीचा नंबर निघाला. दीड वाजता नवऱ्याचा फोन आला... मामा शुद्धीवर आहेत. आत्याबाईंनी देवासमोर डोकं टेकलं. मी मोरीत जाऊन ओकले.

पुढच्या वर्षापासून कोबी त्या स्वतः चिरायला लागल्या. मला वाटलं, विश्वास उडाला. बोलल्या काहीच नाहीत, आणि ते न बोलणं मला नऊ वर्षं सलत राहिलं. या जूनमध्ये त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. एका दुपारी मी पेज भरवत होते, तर चमचा बाजूला सारून म्हणाल्या, "त्या साली कोबी तू सकाळी चिरल्ता. रातच्या कोबीला एवढं पाणी न्हाई सुटत."

मी वाटी खाली ठेवली. मग बोलल्या का नाहीत, असं कसंबसं विचारलं.

"बोलले असते आन् भावाचं काई कमी-जास्त झालं असतं, तर समद्यांनी जन्मभर तुझं नाव घेतलं असतं. समद्याच्या आधी म्याच घेतलं असतं. म्हून खाल्लं. जाणून खाल्लं, मंग दोषात आपण दोघी बराबर."

मला रडू आवरेना. त्या मात्र पेज गार होऊन राह्यली म्हणून कुरकुरल्या.

त्यांच्या अंगावर माहेरचं शेवटचं लुगडं घालायला मामाच आले, काठी टेकत. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, आता माझा उपास धरणारं कोणी राहिलं न्हाई.

यंदा दुखवट्याच्या वर्षामुळे आमच्याकडे सण नव्हता, दिंडंही नव्हती. पंचमीच्या आदल्या दिवशी मी शाळेत डबा नेला नाही. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, भूक नाही. घरी आले, दिवस मावळायच्या आत विळी त्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, त्यांच्यासारखीच गाठ मारली आणि फळीवर ठेवून दिली. मामांना अजून सांगितलेलं नाही.