अंगठ्याची रजा

"मॅडम, दाबा की! आज जेवला न्हाईसा व्हय?"

सुभेदार पवार टेबलावर पालथे पडून विचारत होते.

"दाबतेय," मी म्हटलं. खरं तर दाबत नव्हते. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ गेली होती की हात त्यांच्या खांद्यावर नुसता टेकवून मी उभी होते.

पलूसमध्ये माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. सुभेदारांच्या उजव्या खांद्याला फ्रोझन शोल्डर होता. म्हणजे खांद्याभोवतीचं आवरण आखडतं आणि हात वर जाईनासा होतो. फौजेतून निवृत्त झालेला हा माणूस, पण शर्ट घालायला बायको लागायची. ते त्यांना फार बोचायचं. असा सांधा सुटावा म्हणून आम्ही अंगठ्यांनी दाब देतो. त्याला मोबिलायझेशन म्हणतात. एक पेशंट उठला की दुसरा, आणि सगळा भार त्याच अंगठ्यांवर. आमच्याकडे लोक मशीन बघत नाहीत, हात बघतात. 'मॅडमच्या हाताला गुण हाय' एवढीच माझी जाहिरात.

कळ बरेच दिवस येत होती. कणीक मळताना, बाटलीचं झाकण उघडताना. त्या दिवशी मात्र गाडीची किल्लीही फिरवता येईना. डाव्या हाताने फिरवली आणि सरळ सांगली गाठली.

तिथे गौरी असते. कॉलेजात माझी ज्युनिअर, आता फक्त हाताचे पेशंट बघते. तिने अंगठा धरून हलकेच फिरवला. मी ओरडले.

"ताई, कधीपासून आहे हे?"

"थोडेच दिवस झाले."

"पेशंट असंच सांगतात."

अंगठा मनगटापाशी जिथे जोडलेला असतो, तो सांधा झिजायला लागला होता. आत्ता जपलं तर टिकेल, म्हणाली. तिने स्प्लिंट दिला, म्हणजे अंगठा स्थिर धरणारा आधार. आणि दीड महिना दाब देणं बंद.

"अगं, मग क्लिनिक कोण चालवणार?"

"ऊस तोडणारा कंबर धरून आला तर त्याला काय सांगतेस?"

"विश्रांती घ्या."

"तो काय म्हणतो?"

"मग ऊस कोण तोडणार."

दोघीही हसलो. आणि मग मला रडूच फुटलं. हात गेला तर माझ्यापाशी दुसरं होतं काय?

गौरीने रडू दिलं. मग म्हणाली, "हात गेलेला नाही. वापरायची पद्धत बदल. टेबल उंच कर, वाकून अख्खी अंगठ्यावर पडतेस तू. सांधा ओढायला पट्टा वापर, दाबायला कोपर वापर. आणि पेशंटकडून व्यायाम करून घे. सगळं तूच का करायचं?"

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला स्प्लिंट दाखवून सांगितलं. काहींनी मान हलवली आणि ते मालिशवाल्याकडे गेले. सुभेदार तर भडकलेच.

"दाबणार न्हाई? मग हितं येऊन करू काय?"

"व्यायाम."

"त्यो मी घरी बी करीन."

"करता का?"

त्यांनी मिशीवर बोटं फिरवली.

"सुभेदार, फौजेत पीटी चुकवणाऱ्याला काय करायचात?"

"मैदानाला चकरा मारायला लावायचो." मग ते स्प्लिंटकडे बघत म्हणाले, "लय दुखतंय?"

"हो."

"आवं, मग सांगायचं न्हाई व्हय? मी आपला दाबा दाबा करतोय." आणि कोपऱ्यातली काठी त्यांनी स्वतःच उचलली.

काठी दोन्ही हातांनी धरायची आणि चांगल्या हाताच्या जोरावर आखडलेला हात वर न्यायचा. सुभेदार फौजी आवाजात मोजायला लागले, "एक! दो!" शेजारी मान दुखते म्हणून आलेल्या काकू हसल्या आणि त्यांच्या तालावर मान फिरवायला लागल्या. काही दिवसांत भिंतीपाशी रांगच लागली. "काकू, खांदा खाली! घाई न्हाई!" जे व्यायाम मी वर्षानुवर्षं कागदावर काढून देत होते आणि कुणी करत नव्हतं, ते हा माणूस करून घेत होता. मी मधून फिरत चुका सुधारायची. ज्याला खरंच गरज, त्याला पट्ट्याने सांधा मोकळा करून द्यायची.

दिवाळी झाल्यावर एकदा बाहेरच्या खोलीतलं घड्याळ बंद पडलं. रिसेप्शनवरची मनीषा स्टूल शोधत होती. सुभेदारांनी बोलता बोलता हात वर केला आणि घड्याळ खाली काढलं. उजव्या हाताने. काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं. हातातल्या घड्याळाकडे बघतच राहिले.

"मॅडम, गेला की वर!"

खोलीत टाळ्या पडल्या. मनीषाला सेल बदलायचं सुचेना.

माझा अंगठा पूर्ण बरा झालेला नाही, होणारही नाही. पण स्प्लिंट सुटला, कळ क्वचित येते, कणीक नवरा मळतो. मालिशवाल्याकडे गेलेल्यांतले काही परत आले, काही नाही आले. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवले आहेत.

हल्ली सांगलीहून इंटर्नशिपला मुली येतात. मोठ्या उत्साहाने पहिल्याच पेशंटवर जोर लावतात. मी त्यांना थांबवते आणि सांगते, अंगठे दोनच मिळतात आणि नोकरी वर्षानुवर्षं करायची असते, तेव्हा कुठेही गेलात तरी आधी टेबल वर घ्या.