परक्या कळपातलं हाड

दहिवडीहून मिरजेला जाणाऱ्या एसटीत माझी भाची स्वरा खिडकीशी बसली. तिचे आजोबा, म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे बापू, भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन. बहीण बाळंतीण, दाजी मुंबईला कामाला, म्हणून सोबतीला मी. विट्यापर्यंत पोरीला हसवत आणलं. तासगावच्या द्राक्षबागा लागल्या तसा तिनं सुजलेला गाल काचेला टेकवला आणि माझे विनोद आटले.

तिच्या जबड्यात गाठ होती. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. जबड्याचा तो भाग काढायचा, पायातलं बारीक हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट तिथे बसवायचं, वाहिनी मानेत जोडायची. रक्त खेळत राहिलं तर हाड जगेल, नाहीतर पुन्हा काढावं लागेल.

"म्हंजी पाय तोंडात जानार," बापू म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला आत सोडलं. रक्त वाहतंय का ते ऐकायला सिस्टरनं यंत्राला जोडलेली पेनाएवढी नळी स्वराच्या जबड्याखाली टेकवली, आणि खोलीत कुणीतरी चालायला लागलं. फुस... फुस... धुरळ्यातून अनवाणी पाय ओढत चालावं तसं. स्वरा डोळे मिटून पडलेली, पाय पट्टीत निपचित. माझ्या अंगावर काटा आला आणि, खोटं कशाला बोलू, गंमतही वाटली.

सिस्टर दुसऱ्या खाटेकडे गेली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ती परतली, नळी टेकवली. काहीच नाही. नळी इकडे सरकवली, तिकडे सरकवली. चालणारं थांबलं होतं.

तिनं चादर खाली ओढली. स्वराच्या मानेभोवती भंडारा (देवाची हळद) फासलेला काळा दोरा, करकचून बांधलेला. सिस्टरनं कात्रीनं तो तोडला. नळी पुन्हा टेकवली. बऱ्याच वेळानं, फार लांबून आल्यासारखं, फुस.

बाहेर सिस्टरनं बापूंची जी हजेरी घेतली ती इथे लिहिण्याजोगी नाही. बापू मान खाली घालून म्हणाले, "आवं बाई, परक्या कळपातली मेंढी आनली की आमी गळ्यात दोरा बांधतो. न्हाईतर ती माघारी पळती. मला वाटलं, हाड बी पळंल."

सिस्टरनं तोडलेला दोरा त्यांच्या हातावर ठेवला आणि ती आत गेली.

यथावकाश स्वराला घेऊन आम्ही माण तालुक्यात, बापूंच्या घरी परतलो. कुठे काय पाहिलं म्हणून लोक विचारतात, तेव्हा मी मिरजेपेक्षा परतलो त्या संध्याकाळचं सांगतो. मेंढ्यांमागचा म्हातारा कुत्रा आला. त्यानं स्वराचा पाय हुंगला. मग पुढचे पंजे तिच्या मांडीवर ठेवून तो गाल हुंगत राहिला, हुंगतच राहिला. परकी मेंढी कळपात आली की तो असंच करतो, हे बापूंना ठाऊक.

कुत्र्यानं शेपूट हलवली.

"घेतलं रं," बापू म्हणाले.