सोलरच्या पाण्याची दिवाळी

आमच्या गच्चीवर रोज पाच माणसांच्या आंघोळीचं पाणी तापतं आणि घरात आंघोळ करणारी मी एकटी.

सोलर बसवला तेव्हा हे होते, मुलगा-सून होती, नातू होता. द्वारका चौकातल्या दुकानातून आलेल्या माणसाने ह्यांना समजावलं, "काका, पाच माणसं आंघोळ करणार, गिझरची वीज वाचणार, काही वर्षांत पैसे वसूल! पुढे सगळं फुकट!" वसुली सुरू झाली आणि माणसं कमी होऊ लागली. मुलाची बदली बंगळूरला झाली. हे तर त्याहून लांब गेले. (तिथे फोनही लागत नाही.) पाच माणसांची वसुली एका माणसाने कशी करायची, हे चौथीपर्यंतच्या गणितात शिकवत नाहीत.

एका वर्षी मुलाचा फोन आला, "आई, दिवाळीला रजा नाही गं."

"काही हरकत नाही," मी म्हटलं. (हरकत होती!)

त्यात पहाटेचं लोडशेडिंग. कॉलनीतले सगळे गिझर बंद राहणार. मी आयुष्यात कुणाला आपणहून चहालासुद्धा बोलावलं नव्हतं. पण शेजारचे आहेरभाऊ, त्यांची बायको आणि समोरच्या जाधवबाई दिसल्या, तशी फाटकातूनच म्हणून टाकलं, "पहिली आंघोळ आमच्याकडे करता का?" आणि कानापर्यंत लाल झाले. आंघोळीला या, असं कोण म्हणतं!

"येऊ की काकू!" जाधवबाई म्हणाल्या.

आहेरभाऊ देवळ्याकडचे. "वहिनी, लय भारी! साबण आणायचा का तुमचाच हाय?"

मी कामाला लागले. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी बंब घासून ताजं पाणी भरायची रीत. आता बंब नाही, सोलर आहे. पण त्या टाकीतलं पाणी कालचं! पाहुण्यांना शिळ्या पाण्याने अभ्यंगस्नान घालू? मी सगळे नळ सोडले. कढत पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून अंगण धुतलं, पायऱ्या धुतल्या, कंपाउंडची भिंतसुद्धा धुतली. अंगणातून वाफा निघत होत्या! टाकी ताज्या पाण्याने भरली, नळाला हळद-कुंकू लावलं आणि समाधानाने झोपले. सूर्य कधीच मावळला होता, ही बारीकशी गोष्ट ध्यानात आली नाही.

पहाटे मंडळी तेल-उटणं लावून हजर. पहिला मान आहेरभाऊंचा. मोरीचं दार लागलं, तांब्या वाजला आणि अशी आरोळी उठली की फटाक्यांच्या आधी कॉलनी जागी झाली.

"वहिनी! हे पाणी हाय का बर्फ?"

"थोडं वाहू द्या, मागून गरम येईल!"

"मागून तर आणखी गार येतंय!"

जाधवबाईंनी विचारलं, "काकू, काल टाकी तापली होती ना?"

"तापली होती. पण शिळं होतं ते. मी ताजं भरलं."

"कधी?"

"दिवेलागणीनंतर."

मग आहेरवहिनी म्हणाल्या, "अगं बाई! काकूंनी सूर्याला रात्रपाळी लावली!"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. वाटलं, गेले आता सगळे. पण अंगभर तेल चोपडलेला माणूस जाणार कुठे? गॅसवर पातेली चढली. एकाचं पाणी तापेपर्यंत बाकीचे चादरी पांघरून ओट्यावर कुडकुडत बसले आणि मला हसत माझ्या चकल्या खात राहिले. पार ऊन वर येईपर्यंत! हे गेल्यापासून घरात एवढा आवाज झाला नव्हता.

पुढे सोलर स्वस्त झाले, हप्त्यावर मिळू लागले. जाधवबाईंनी विचारलं, "काकू, घेऊ का?" आणि मी शहाणीने तोंड भरून कौतुक केलं! मग आहेरांनीही घेतला. आता ज्याची त्याची टाकी, ज्याची त्याची मोरी. दिवाळीच्या पहाटे मला फक्त तांब्यांचे आवाज ऐकू येतात.

परवा मुलाने फोनवर विचारलं, "आई, सोलरचे पैसे वसूल झाले का गं?"

"होत आलेत," मी म्हटलं. "आज सकाळपासून माझी तिसरी आंघोळ झाली."