भिंत पडली, भाडं मिळालं

आमच्या बाबांना भीड फार. तिची किंमत मात्र आईने मोजली.

नागपूरच्या जरीपटक्यात आमच्या घराला लागून एका ठेकेदाराने स्वतःसाठी दुमजली घर बांधायला काढलं. पाया खोदताना त्याच्या माणसांनी आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत पाडली. मोहल्ल्यातली चार मोठी माणसं त्याच्या राहत्या घरी बसली, चहा झाला, नव्या भिंतीपुरते पैसे द्यायचं ठरलं. कागद करताना ठेकेदार म्हणाले, "नुकसान काहून लिहून राहिले जी? कॉर्पोरेशनवाले माझं बांधकाम अडकवतील. तुमच्या अंगणात माझ्या विटा पडून होत्या, त्याचं भाडं लिहा. पैसा तर तोच आहे ना!"

सोबत आलेली आई दारातून म्हणाली, "भिंत गेली आमची. भाडं कायचं?"

चारचौघांत बायको बोलली याचीच बाबांना लाज वाटली. ज्याच्या घरचा चहा प्यायलो त्याला नाही कसं म्हणायचं! सरकारी कचेरीतल्या या हेडक्लार्कने आपल्या वळणदार अक्षरात भाडं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

पैसे पोस्टात पडले. आधी पावसाळा आडवा आला, मग ठेकेदार म्हणाले, माझं घर होऊ द्या, माझेच गवंडी पाठवतो. बाबा थांबले. गवंडी काही आले नाहीत, इन्कमटॅक्सची नोटीस आली. ठेकेदारांनी ते भाडं धंद्याच्या खर्चात दाखवून स्वतःचा टॅक्स वाचवला होता आणि घेणारा म्हणून बाबांचं नाव दिलं होतं.

इन्कमटॅक्सचे साहेब सज्जन होते. म्हणाले, "घराच्या नुकसानीची भरपाई असती, तर उत्पन्न धरलं नसतं. भाडं मात्र उत्पन्नच. सही तुमचीच ना?"

बाबा ठेकेदारांकडे गेले, खरं काय ते सांगा म्हणाले. ते हसले. "मी काय सांगू जी? अक्षर तर तुमचंच आहे."

टॅक्स भरला, वर दंड भरला. उरलेल्यात भिंत होईना, म्हणून पत्रा ठोकला. नागपूरच्या उन्हात तो असा तापे, की चूल पेटायच्या आधीच आई घामाने निथळत असे. ठेकेदारांपेक्षा मला बाबांचाच राग येई. अजून येतो.

आई गेली तेव्हा ठेकेदार भेटायला आले. पत्र्याकडे बघून म्हणाले, "भिंत बांधलीच नाही का जी?"

बाबा म्हणाले, "राहून गेलं." आणि मला त्यांच्यासाठी चहा टाकायला सांगितला.