झोपेची हमी

आमची मावशी गाद्या शिवते, गाद्या विकते आणि कधी खोटं बोलत नाही, अशी तिची गावभर ख्याती आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी शंभर टक्के खऱ्या. तिसरीच्या आड मात्र एक वाक्य येतं. गिऱ्हाईक गादीवर बसून चाचपायला लागलं की मावशी आपलं कोपर गादीत रुतवते, काढते, खड्डा भरून येईपर्यंत थांबते आणि म्हणते, "मी स्वतः ह्याच गादीवर झोपते." झालं, गिऱ्हाईक विरघळतं.

मी तिच्या बहिणीची मुलगी. सात वर्षं दुकानात तिच्या हाताखाली आहे आणि दुकानावरच्या मजल्यावर तिच्या शेजारच्या खोलीत राहते. त्यामुळे मला पक्कं ठाऊक होतं की मावशी ह्याच काय, कुठल्याच गादीवर झोपत नाही. काका जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ती पलंगाच्या कडेला दोनेक तास पडायची, मग उठून खाली यायची आणि गाद्यांचे कोपरे शिवत बसायची. आमच्या दुकानासारखे सुबक कोपरे पंचक्रोशीत कुणाचे नाहीत, त्याचं कारण हे. विचारलं की म्हणायची, "वय झालं गं." अठ्ठावन्न हे काही जागरणाचं वय नव्हे, पण तिच्याशी वाद कोण घालणार?

एका दुपारी मागच्या गोदामात तिने एक खोळ दोन आकड्यांना टांगली. शिवण किती ताण सोसते ते बघायला सहज तिच्यात बसली आणि जी झोपली ती अडीच तास. मी बाहेर गिऱ्हाइकांना सांगत होते, "आत मशीनची दुरुस्ती चाललीय." आवाजच तसा येत होता.

जागी झाली तेव्हा चेहरा उजळलेला, आणि दुसऱ्याच क्षणी काळजीने काळवंडलेला.

"कुणी पाहिलं तर नाही ना?"

"मी पाहिलं."

"तू घरची. गादीवाली बाई स्वतःला टांगून घेते हे बाहेर कळलं, तर ह्या दुकानात काळं कुत्रं फिरकणार नाही."

तेव्हापासून तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दुपारची डुलकी वेगळी. अख्खी रात्र झोप लागेल का? वरच्या खोलीला आकडे नव्हते आणि खिडकीसमोर शिंप्याचा सज्जा. शिंप्याने पाहिलं म्हणजे वर्तमानपत्रात आल्यासारखंच. आठवड्याने ती मला म्हणाली, "व्यापाऱ्यांची सभा आहे, रात्री तिकडेच राहीन." सभेला जाताना कुणी दोराचं भेंडोळं, विजेरी आणि उकडलेली अंडी नेत नाही. पण मोठ्या माणसांच्या थापांचा मी मान ठेवते. "जपून जा," एवढंच म्हणाले.

ती गेली होती तळ्यावर. तिथली हकीगत मी नंतर तिच्या आणि तिथे तिला भेटलेल्या माणसाच्या तोंडून ऐकली. मावशी घोरत होती की नाही, एवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं जमत नाही. बाकी सगळं जुळतं.

गावाबाहेरच्या त्या तळ्यावर ती अंधार पडता पडता पोचली. दोन दणकट झाडं हेरली, दोर आवळला आणि आपण शिवलेला झुला बांधला. पहिल्या खेपेला सरळ आडवी झाली तर घडी घातलेल्या रजईसारखी मिटली. दुसऱ्या खेपेला थेट जमिनीवर. तिसऱ्या खेपेला तिरकी झोपली आणि जमलं. बेडकांची भीती वाटली नाही, काळोखाची नाही. भीती होती ती गिऱ्हाइकांची. त्यांचा विचार करता करताच तिला झोप लागली.

पहाटे तळ्याला फेरी मारायला आले निवृत्त हेडमास्तर. आमच्या दुकानात त्यांना पाठीमागे 'डावी बाजू' म्हणत. त्यांनी आमच्याकडून घेतलेली गादी तीनदा परत आणली होती, तक्रार दर वेळी तीच: "डावी बाजू दबत नाही." मावशी दोन्ही बाजूंना कोपर रुतवून बघायची, दोन्ही सारख्या. माणूस चक्रम आहे, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

त्या हेडमास्तरांना झाडांच्या मधोमध निळ्या पट्ट्यांचं कापड दिसलं. त्यावर हातभर अक्षरांत आमच्या दुकानाचं नाव आणि खाली 'झोपेची हमी'. मावशीने गुपचूप नेलेलं कापड दुकानाच्या छापाचं होतं. तीस वर्षं गादी शिवणाऱ्या हाताने सवयीप्रमाणे छाप बाहेर ठेवला होता. सरांनी ते दोनदा वाचलं आणि काठीने हलकेच ढोसलं.

मावशीने डोळे उघडले, वर मिशा दिसल्या. ती गडबडीने उठायला गेली आणि झुल्याने तिला पलीकडच्या गवतात ओतलं.

"बाई," सर म्हणाले, "तुम्ही स्वतः ह्याच गादीवर झोपता ना?"

नव्या मालाची चाचणी घेतेय, असं उत्तर तिने घरूनच तयार करून आणलं होतं. पण नऊ वर्षांत पहिल्यांदा रात्रभर झोप झाली होती, आणि अशा झोपेनंतर, ती म्हणते, थाप चटकन सुचत नाही.

"नाही झोपत, सर. नऊ वर्षं नाही. गादी दोघांची आहे. मी माझ्या कडेला पडते आणि दुसरी बाजू रात्रभर तशीच सपाट राहते. मला बघवत नाही ते. ह्या झुल्याला दुसरी बाजूच नाही."

सर तिथेच झाडाच्या मुळावर बसले. मग म्हणाले, "आमची ही डावीकडे झोपायची."

मावशी म्हणते, तेव्हा तिला स्वतःची इतकी लाज वाटली की रडूच आलं. तीनदा त्या गादीत कोपर खुपसलं, पण तिकडे कोण झोपायचं, हे एकदाही विचारलं नाही.

मग तिने अंडी सोलली, थर्मासच्या झाकणातून त्यांना चहा दिला. "तिरके झोपा, सर," म्हणून झुल्यात चढवलं आणि तळ्याला फेरी मारून येते म्हणाली. परत आली तर सर गाढ झोपलेले आणि फिरायला आलेली चारपाच माणसं मोठ्याने 'झोपेची हमी' वाचत उभी. त्यांत शिंपीही होता.

"नव्या मालाची चाचणी," मावशी म्हणाली. थाप सुचायला लागली होती, पण उशीर झाला होता.

केसांत काटकी घेऊन ती दुकानात आली तेव्हा दहा वाजले होते आणि बातमी तिच्या आधी पोचली होती.

"सभा कशी झाली?" मी विचारलं.

"दोघंच होतो. ठराव एकमताने झाला."

त्याच आठवड्यात सरांची गादी चौथ्यांदा आली. मावशीने ती मधोमध कापली आणि त्यांना एकट्याच्या मापाची करून दिली. पाचव्यांदा ती आली नाही.

पण आमची खरी परीक्षा बाकी होती. एक नवं जोडपं आलं, मुलगी गादीवर बसून बघत होती. तिने ऐकलेलं असणार, कारण हसू दाबत विचारलं, "काकू, तुम्ही स्वतः कशावर झोपता?"

माझ्या हातातली सुई थांबली. तीस वर्षं ज्या वाक्यावर दुकान चाललं, ते आता कुठल्या तोंडाने म्हणणार? मावशीने गादीत कोपर रुतवलं, काढलं, खड्डा भरून येईपर्यंत थांबली.

"मी झुल्यात झोपते, बाळ. एकटी आहे ना. तुम्ही दोघं आहात, तुम्ही ही घ्या."

मुलगी हसायची थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांनी तीच गादी घेतली. तिचे कोपरे मी शिवले होते. मावशी आता रात्रभर झोपते, त्यामुळे ते जरा वाकडे आले होते.